वाघ पाहायला जाताना मुक्काम कोणाकडे?

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सहलीचा नकाशा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार बदलून गेला आहे. महाबळेश्वर-माथेरान, अष्टविनायक, गणपतीपुळे आणि फार झाले तर उटी-म्हैसूर एवढ्यात आमच्या पिढीच्या सुट्ट्या संपल्या. बँकेत आम्हाला एलएफसी, म्हणजे प्रवास सवलत मिळायची. तीही बहुतेकांनी काश्मीर नाहीतर कन्याकुमारी करण्यातच संपवली. चंद्रपूर हे तेव्हा बदलीचे गाव होते, सहलीचे नव्हते. तिकडच्या बदलीचा हुकूम आला की घरात सुतकी शांतता पसरायची. आज त्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबात शनिवार-रविवारची सफारी मिळाली नाही म्हणून पुण्या-मुंबईची माणसे हळहळतात. काळ असा सूड घेतो!

मी त्या भागात नोकरी केलेली असल्यामुळे दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या आधी मला हमखास फोन येतात. भाचे, जुने सहकारी, सोसायटीतले शेजारी. प्रश्न एकच असतो : “ताडोब्याला जातोय, कुठे उतरायचे? एखादे चांगले रिसॉर्ट सांगा ना.” या ‘चांगले’ शब्दाचा अर्थ आता मला पाठ झाला आहे. खोलीला एसी हवा, मुलांसाठी पोहण्याचा तलाव हवा, नाश्त्याला इडलीपासून पास्त्यापर्यंत सगळे हवे आणि जमल्यास वाघाची हमी हवी. यात गैर काही नाही. वर्षातून एकदा निघालेल्या माणसाने सोय पाहावीच. पण मुक्कामाच्या या साध्या प्रश्नात आता न्यायालये, सरकार, बँका आणि जंगलाकाठची गावे अशी बरीच मंडळी गुंतली आहेत. ताडोबात आपण कोणाच्या छपराखाली झोपतो, यावर वाघाच्या शेजाऱ्याला वाघ परवडतो की नाही हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून हा प्रश्न चारचौघांत बोलण्याजोगा आहे.

आधी फाटक, मग खोली

आधी व्यवहाराचे बोलू. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. राज्यातले ते पहिले. क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर. लागूनच असलेले अंधारी अभयारण्य १९८६ चे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा, आणि त्याभोवती २०१० मध्ये जाहीर झालेले सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र. गाभा फक्त वन्यप्राण्यांसाठी. बफरमध्ये गावे, शेते, रस्ते, गुरे आणि त्याच गर्दीत वाघसुद्धा. आपण ज्या हॉटेलात उतरतो, ते या बफरमध्ये किंवा त्याच्या काठावर असते.

अनेकजण आधी छायाचित्रे पाहून हॉटेल ठरवतात आणि मग सफारीचा परवाना शोधतात. क्रम उलटा हवा. परवाना ठरावीक फाटकाचा, ठरावीक दिवसाचा आणि सकाळ-दुपारपैकी एका फेरीचा असतो. मोहर्ली आणि कोलारा ही सर्वांत गजबजलेली फाटके. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, भद्रावती तालुक्यात. कोलारा चिमूर तालुक्यात, नागपूरहून येणाऱ्यांना सोयीचे. एका फाटकाशी मुक्काम आणि दुसऱ्या फाटकाचा परवाना असे झाले, तर बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून पोहोचायला दोन-अडीच तास सहज जातात. पहाटेची फेरी उजाडताना सुरू होते. म्हणजे लहान मुलांना साडेतीनला उठवून, अंधारात, जनावरे आडवी येणाऱ्या रस्त्याने गाडी हाकायची. मंगळवारी उद्यान बंद असते आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभ्यातली सफारी बंद असते, हेही सुट्टी मांडतानाच लक्षात ठेवावे. परवान्यावर जे फाटक असेल, त्याच्या चार-पाच किलोमीटरच्या आत मुक्काम, हा पहिला नियम. येथपर्यंत कोणाचे दुमत होणार नाही.

भाडे कोणाच्या घरात जाते?

खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. त्या चार-पाच किलोमीटरांत आलिशान रिसॉर्ट आहेत, मध्यम प्रतीची हॉटेले आहेत, मोहर्लीला पर्यटन महामंडळाचे आणि वनविकास महामंडळाचे निवास आहेत आणि अलीकडे गावातल्या घरांवर ‘होमस्टे’च्या पाट्याही दिसतात. या सर्वांकडे विकायला माल एकच आहे, तो म्हणजे वाघ. तो पाळावा लागत नाही, त्याला चारापाणी घालावे लागत नाही. पण त्याची किंमत कोणीतरी मोजतच असते.

ती कोण मोजते? महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते. २०२२ मध्ये ते ४४४ झाले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण वाघ वाढले आणि जंगल तेवढेच राहिले. गाभ्यातल्या नवेगाव, जामणी यांसारख्या गावांनी आपली घरे सोडून नवीन जागी बिऱ्हाड थाटले. जे बफरमध्ये राहिले, त्यांच्या वाट्याला वाघाचा रोजचा शेजार आला. २०२१ च्या नोव्हेंबरात व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा ताडोबातच वाघिणीने बळी घेतला. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एकाच गावच्या तीन बायका एकाच दिवशी मारल्या गेल्या. मे महिना म्हणजे आपल्या सफारीचा ऐन हंगाम, आणि तेंदूपत्त्याचाही. पाणवठे आटलेले असल्यामुळे आपल्याला वाघ सहज दिसतो. त्याच उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करून बाई पावसाळ्याची बेगमी करत असते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार आता वारसांना २५ लाख रुपये देते. रक्कम पूर्वीपेक्षा बरी आहे. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. जिवंतपणी वाघाचा शेजार सोसण्याबद्दल त्या घराला काय मिळते, हे कोणी विचारत नाही.

ताडोबा हे नावच मुळी तारू या देवावरून पडले आहे. तारू हा गावचा प्रमुख; वाघाशी झुंजताना त्याचा अंत झाला आणि लोकांनी त्याला देव मानले, अशी तिथली आख्यायिका. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. वाघाच्या जंगलाला वाघाकडून मारल्या गेलेल्या गावकऱ्याचे नाव आहे, हे सफारीच्या धुरळ्यात आपण विसरून जातो.

दोन कर्जप्रकरणे

२००० नंतरच्या दशकात मी त्या परिसरातल्या एका शाखेत अधिकारी होतो. त्या काळात माझ्या टेबलावर एकाच हंगामात दोन प्रकरणे आली. पहिले होते एका रिसॉर्टचे. प्रवर्तक शहरातले. जमीन आधीच खरेदी केलेली, अकृषिक परवाना हातात, प्रकल्प अहवाल रंगीत छायाचित्रांसह बांधलेला. वर्षातले किती दिवस किती खोल्या भरतील याचे तक्ते, स्वतःच्या पैशाचा हिस्सा, परतफेडीचे हप्ते, सगळे जागच्या जागी. दुसरे प्रकरण एका गाइडचे होते. हंगामात तो पर्यटकांबरोबर जंगलात जायचा, एरवी कोरडवाहू धान करायचा. घरामागच्या मोकळ्या जागेत संडास-न्हाणीसह दोन खोल्या बांधाव्यात, बायकोने जेवण करून घालावे, एवढाच त्याचा बेत. दीड लाख रुपये हवे होते. अहवाल म्हणजे शाळेच्या वहीतली दोन पाने. पण हिशेब चोख होता. हंगामाचे महिने त्याने नीट मोजले होते आणि पावसाळ्याचे कोरडे महिने वजा केले होते.

मी दोन्हींची शिफारस केली. पहिले मंजूर झाले. दुसरे क्षेत्रीय कार्यालयाकडून परत आले. शेरा होता, ‘तारण अपुरे’. घर गावठाणातले, त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. शेत होते, पण ते आदिवासी खातेदाराचे. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. ही तरतूद आदिवासीच्या हातून जमीन निसटू नये म्हणूनच आहे आणि ती असायलाच हवी. पण जे विकता येत नाही ते बँकेला तारण वाटत नाही. कायद्याने त्याची जमीन वाचवली, आणि त्याच कायद्याकडे बोट दाखवून बँकेने त्याला दारातून परत पाठवले. क्षेत्रीय कार्यालयातले लोक दुष्ट नव्हते. नियमाचे पुस्तक उघडले की असेच होते.

पुढे त्याचा थोरला मुलगा त्याच रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्याचे मला बदलीनंतर कळले. नोकरी वाईट नव्हती, पगारही वेळेवर व्हायचा. फक्त जो पाहुणा बापाच्या ओसरीवर जेवला असता, त्याची ताटे आता मुलगा दुसऱ्याच्या मोरीत विसळत होता.

तेव्हापासून पुलाखालून बरेच पाणी गेले आहे. २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरांना मालमत्ता पत्रके देण्याचे काम सुरू झाले. २०१५ मध्ये आलेली मुद्रा योजना तारण न मागता कर्ज देते. तिची कमाल मर्यादा २०२४ च्या अर्थसंकल्पात, आधीचे कर्ज फेडणाऱ्यांसाठी, १० लाखांवरून २० लाखांवर नेण्यात आली. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ या महिला पर्यटन धोरणात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत मिळतो. म्हणजे कागदाच्या आणि तारणाच्या सबबी आता पूर्वीइतक्या भक्कम राहिलेल्या नाहीत. तरी एक प्रश्न शाखेतला अधिकारी विचारणारच, आणि मीही तो विचारत असे : “खोल्या बांधाल हो, पण उतरायला येणार कोण?” याचे उत्तर ना सरकार देऊ शकते ना गावकरी. ते तुम्ही-आम्हीच देऊ शकतो. गावातल्या घरासाठी खरे तारण म्हणजे येणारा पाहुणा. चार कुटुंबे राहून गेली, खात्यात त्याची नोंद दिसली, की पुढच्या कर्जाची फाइल आपोआप हलते.

न्यायालयाने दाखवलेली दिशा

व्याघ्र पर्यटनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे वारंवार गेला आहे. जुलै २०१२ मध्ये न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटनच तात्पुरते थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि बंदी उठली. गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन, आत नवे बांधकाम नाही, आणि पर्यटन व्यवसायाकडून संवर्धन शुल्क घेऊन ते स्थानिकांसाठी वापरायचे, असा त्यांचा गाभार्थ. २०२० मध्ये निलगिरीतल्या हत्तींच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टांबाबत निकाल देताना न्यायालयाने हत्तीचा वाटेवरचा हक्क मोठा मानला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणाच्या निकालात तर मुक्कामाचा मुद्दा थेट आला : वाघांच्या ये-जा करण्याच्या पट्ट्यांत रिसॉर्ट नकोत, रात्रीचे पर्यटन नको, आणि गावकऱ्यांची घरगुती व सामूहिक निवासस्थाने यांना प्रोत्साहन द्यावे.

या पट्ट्यांचे महत्त्व ताडोबात फार आहे. इथला वाघ उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलांकडे जातो, ब्रह्मपुरीकडे जातो, दक्षिणेला तेलंगणातही उतरतो. वयात आलेल्या नराला नवे राज्य शोधायचे असते. त्याच्या वाटेत आधीच खाणी, कालवे आणि रस्ते आहेत. त्यात दहा एकरांचे कुंपण, रात्रभर जळणारे दिवे आणि लग्नसराईतला डीजे यांची भर पडली, की तो वळून शेतात शिरतो. मग वर्तमानपत्रात बातमी येते, ‘वाघ गावात शिरला’. वास्तविक त्याची वाट अडवल्यामुळे तो आडवाटेला लागलेला असतो.

वाघाची हमी देणाऱ्यांविषयीही एक शब्द. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना दोन्ही बाजूंनी घेरले. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालकांवर कारवाई झाली. पण चालकाच्या पाठीमागे बसलेल्या माणसाचे काय? “वाघ दाखव, खुश करतो,” म्हणणारा तोच असतो. ज्या मुक्कामाच्या जाहिरातीत वाघ ‘हमखास’ दिसतो, तिथे हा दबाव खोलीच्या भाड्यातच भरून घेतलेला असतो.

दुसरी बाजू

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल, मग रिसॉर्ट बंदच करावीत का? मला तसे वाटत नाही. मोठे रिसॉर्ट कर भरते, अनेकांना पगार देते, परदेशी पाहुणा आणते. काही ठिकाणी स्थानिक तरुण-तरुणींना चांगले शिक्षणही मिळाले आहे. उलट गावातल्या घरात अडचणी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला कमोड लागतो. तान्ह्या बाळाला गरम पाणी लागते. दार आतून नीट लागते का, रात्री बाथरूमसाठी अंगण ओलांडावे लागते का, हे आईने विचारलेच पाहिजे. वाघाच्या मुलखात तर दोनदा विचारले पाहिजे. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कूलर चैन राहत नाही. गावच्या प्रेमापोटी कुटुंबाचे हाल करावेत, असा उपदेश मी करणार नाही.

शिवाय ‘होमस्टे’ या पाटीखाली सगळेच गावचे असते असेही नाही. घर गावात, मालक नागपुरात आणि राखणदार तिसऱ्याच जिल्ह्यातला, असे प्रकार असतात. पाटीवर भुलू नये. यासाठी बँकवाल्याची एक सोपी युक्ती सांगतो. पैसे देताना क्यूआर कोड स्कॅन केला की पडद्यावर खातेदाराचे नाव येते. ज्या बाईने सकाळी भाकरी वाढली तिच्या घरातले ते नाव आहे की कुठल्या प्रायव्हेट लिमिटेडचे, हे एका क्षणात कळते. मुक्कामाआधी थोडी रक्कम पाठवावी लागतेच, तेव्हाच ते पाहून घ्यावे.

खोली ठरवताना

कर्जप्रकरणाची तपासणी करताना आम्ही चार-सहा प्रश्न ठरवून विचारत असू. तसेच प्रश्न खोली ठरवतानाही विचारता येतात. इथे काम करणारी माणसे कुठल्या गावची, आणि त्यांतले कोणी स्वागतकक्षात किंवा हिशेबाच्या टेबलावर आहे का, की सगळी माळीकाम आणि झाडूपोछ्यातच? भाजी, तांदूळ, दूध आठवडी बाजारातून येते की शहरातून ट्रकने? गावच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात तेव्हा पोहण्याच्या तलावाला पाणी कुठून येते? सांडपाणी आणि प्लास्टिक कुठे जाते? कुंपण कशाचे आहे? रात्री दहानंतर दिवे आणि आवाज बंद होतात का? फोनवर पाच मिनिटांत हे विचारून होते. ज्याच्याकडे उत्तरे आहेत तो आनंदाने सांगतो. जो चिडतो, त्याच्याकडे उत्तरे नसतात, असा माझा शाखेतला अनुभव आहे आणि तो हॉटेलांनाही लागू पडतो. या प्रश्नांत एखादे रिसॉर्ट उत्तीर्ण झाले तर तिथे निःसंकोच उतरावे. एखादा होमस्टे नापास झाला तर तो सोडून द्यावा.

ज्यांना सगळाच मुक्काम गावात करणे झेपत नाही, त्यांनी निदान वाटणी करावी. तीन रात्रींपैकी एक रात्र गावात. तेही नको तर एक जेवण. आगरझरीसारख्या गावात फुलपाखरांचे उद्यान आहे, तिथे एक दुपार घालवावी. बफरमधल्या एखाद्या फाटकाची फेरी घ्यावी. मोहर्ली-कोलाऱ्याच्या गर्दीवरचा ताण तेवढाच कमी होतो, आणि गाइड म्हणून शेजारच्या गावची एखादी मुलगी भेटली तर आपल्या मुलींनाही ते पाहू द्यावे.

सरकारकडून आणि बँकांकडून अपेक्षा करायच्या त्या कराव्यातच. गावातल्या निवासांची तपासलेली यादी सफारीच्या परवान्याबरोबरच मिळायला हवी. आज परवाना एका ठिकाणी आणि मुक्काम दहा ठिकाणी शोधावा लागतो, आणि जाहिरातीवर खर्च करू शकणारा त्यात पुढे जातो. मालमत्ता पत्रक हाती आलेल्या घराला कर्ज देताना बँकांनी जुना ‘तारण अपुरे’चा शिक्का कपाटात ठेवावा. संवर्धन शुल्क किती जमले आणि कोणत्या गावावर किती खर्च झाले, याचा फलक प्रत्येक फाटकावर लावावा. यातले काहीच अवघड नाही.

पण त्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. येत्या सुट्टीत फोन आला तर मी भाच्याला आधी परवान्यावरचे फाटक विचारणार आहे, मग त्या फाटकाजवळच्या गावातली दोन-तीन घरे सुचवणार आहे. पहाटे अंगणात चूल पेटलेली असेल, यजमानीण चहा देता देता काल रात्री नाल्याकडून कोणाचा आवाज आला ते सांगेल. मग जंगलात वाघ दिसला तर आनंदच आहे. नाही दिसला तरी त्याच्या शेजाऱ्याशी ओळख झालेली असेल.